पुसलेलं तेल

जुना ट्रॅक्टर विकायचा म्हटलं की गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन डिझेलनं पुसून लख्ख करतात. टॅपेट कव्हरखालून झिरपणारं तेल मग दिसत नाही. आमचा पोरगा म्हणतो, "न विचारलेलं सांगावं कशाला? आपण खोटं थोडंच बोलतोय?" मला वाटतं, फडक्यानं बोललेलं खोटंही खोटंच.

पॅकिंग घरीच बदलता येतं. इंजिन गार होऊ द्यायचं, नट काढायचे, जुनं पॅकिंग खरवडायचं, कण आत पडू द्यायचा नाही. नवं बसवून नट थोडे थोडे, सारखे आवळायचे; जास्त आवळलं तर कव्हर वाकतं, गळती परत सुरू.

एवढं करूनही सांगायचं, 'गळत होतं, बदललंय.' घेणाराही आपल्यासारखाच कर्ज काढून आलेला असतो.