आमिषाचा जामीन

खोट्या निमंत्रणाने जो सत्याच्या दारापर्यंत येऊन पोहोचला तो फसवला गेला की तारला गेला, हा प्रश्न धर्मचिंतनाइतकाच जाहिरातीच्या व्यवसायाचाही आहे. आणि छत्रपती संभाजीनगरच्या रहिवाशाला तो सुचावा, यास अजिंठ्याचे सान्निध्य हे सबळ कारण आहे. निमित्त मात्र दूरचे. हायाओ मियाझाकी या जपानी दिग्दर्शकाचा ‘नाउसिका’ हा ॲनिमेशनपट १९८४ साली निघाला. विषारी अरण्य, त्यातील महाकाय कीटक आणि त्यांच्याशीही वैर न धरणारी एक राजकन्या यांची ही कथा म्हणजे करुणेचे एक गंभीर चिंतनच होय. पुढल्याच वर्षी अमेरिकेत तो ‘वॉरियर्स ऑफ द विंड’ या युद्धघोषी नावाने अवतरला, तेव्हा त्यातील सुमारे २२ मिनिटे कापली गेली होती, नायिकेचे नाव बदलले होते, आणि भित्तिपत्रकावर चित्रपटात कोठेही नसलेले पुरुषवीर अग्रभागी आणून तिला मागे सारले होते.

दूरचित्रवाणीवरील जाहिरात तर भित्तिपत्रकाहूनही क्षणभंगुर. मूळ चित्रपट टिकतो, रसिक तो अखंड स्वरूपात पुन्हा मिळवतात. परंतु ज्या अर्ध्या मिनिटाच्या फितीने तो भलत्या वेषात घरोघरी फिरवला, ती जपून ठेवण्याचा शिरस्ता त्या काळी वाहिन्यांच्या दप्तरी क्वचितच असे. अपराधाची आठवण उरते, दस्तऐवज उरत नाही. आता कल्पना करावी की अशा इश्तिहाराला भुलून एखादा मुलगा लढाई पाहण्याच्या हौसेने पडद्यासमोर बसला, आणि कीटकाविषयीही ममत्व घेऊन उठला. त्याने फिर्याद करावी ती कशाची?

बौद्ध परंपरेने हा खटला फार पूर्वी चालवला आहे. सद्धर्मपुंडरीक सूत्रातील पिता जळत्या घरातून मुलांना बाहेर आणण्यासाठी निरनिराळ्या गाड्यांचे आमिष दाखवतो. तो असत्य बोलला काय, असे बुद्ध स्वतःच विचारतात, आणि मुलांचे प्राण वाचले या कारणास्तव शारिपुत्र त्याला निर्दोष ठरवतो. हा निकाल मला अपुरा वाटतो, कारण केवळ परिणामाच्या बळावर कोणत्याही चतुर लबाडाची सुटका करता येईल. याहून सूक्ष्म विचार नंदाच्या कथेत आहे. बुद्धांचा हा सावत्र भाऊ पत्नी सुंदरी हिच्या ओढीने संघात रमेना, तेव्हा बुद्धांनी त्याला स्वर्गातील अप्सरा दाखवल्या आणि ब्रह्मचर्य पाळल्यास त्यांच्या प्राप्तीचा आपण जामीन राहू, असे वचन दिले. निर्वाणाची याहून विपरीत जाहिरात संभवत नाही. पण ही गोष्ट गुप्त राहिली नाही. सहभिक्षू नंदाला मोलाने राबणारा मजूर म्हणून हिणवू लागले, त्या लज्जेतून त्याची साधना खरी झाली, आणि मुक्त झाल्यावर त्याने येऊन बुद्धांना त्या जामिनकीतून मोकळे केले. त्याचे चित्त मुक्त झाले त्याच क्षणी आपण मोकळे झालो होतो, असे बुद्धांनी उत्तर दिल्याचे पाली ‘उदान’ सांगते. येथे असत्य पुसले जात नाही. ते उच्चारणाऱ्याच्या खाती कर्ज म्हणून पडून राहते, आणि ते फिटेपर्यंत ऋणको समोर हजर असतो.

एवढ्यावर समाधान मानता आले असते; पण अजिंठ्याचा चित्रकार ते मानू देत नाही. वाकाटक नृपती हरिषेणाचा अमात्य वराहदेव याने पाचव्या शतकात कोरविलेल्या सोळाव्या लेण्यात ही नंदकथा रंगवली आहे, आणि तीत दृष्टी खिळते ती पतीचा मुकुट परत आलेला पाहून गात्रे गळालेल्या सुंदरीवर. एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी तिला मरणासन्न राजकन्या ठरवले, आणि त्याच नावाने ती आजही ओळखली जाते. वस्तुतः ती मरत नाही, तिचा त्याग झाला आहे; म्हणजे तिच्याही वाट्याला चुकीचा मथळाच आला. नंद आणि बुद्ध यांच्या करारात तिची संमती कोणी विचारली नव्हती. नंदाने जामीनदाराला मोकळे केले खरे, पण सुंदरीच्या वतीने मोकळे करण्याचा अखत्यार त्याला कोठून आला? जाहिरातीच्या व्यवहारात हे तिसऱ्या पक्षाचे स्थान कलावंताचे असते. उपकृत प्रेक्षक स्वतःपुरती क्षमा करील. कापलेल्या २२ मिनिटांची क्षमा त्याच्या हाती नाही. पुढे मियाझाकींचा ‘प्रिन्सेस मोनोनोके’ १९९९ साली अमेरिकेत गेला तो काहीही न कापण्याच्या अटीवर, ही त्या पक्षाला मिळालेली उशिराची दाद होय.

आपल्याकडील दाखला वेगळ्या वळणाचा आहे. १९८३ साली युगो साको हे जपानी निर्माते प्रयागच्या परिसरातील बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करीत असता, हा परदेशी मनुष्य रामायणच पडद्यावर आणतो आहे असा गैरसमज पसरला, आणि विश्व हिंदू परिषदेने जपानी वकिलातीकडे निषेध नोंदवला. म्हणजे येथे चित्रपटाच्या आधीच त्याची चुकीची दवंडी पिटली गेली. साकोंनी पुढे खरोखरच रामायणावर ॲनिमेशनपट करावयास घेतला तेव्हा भारतीय ॲनिमेशनकार राम मोहन यांना दिग्दर्शनात सहभागी केले, आणि ज्यांची ही कथा त्यांना कामाच्या आरंभापासून पक्षकार मानले. जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवलेला तो चित्रपट नंतर वाहिन्यांवरून मुलांपर्यंत पोहोचला, आणि २०२५ च्या जानेवारीत भारतातील चित्रपटगृहांत आला. जी दवंडी त्यांनी पिटलीच नव्हती तिचेही उत्तरदायित्व या गृहस्थाने जवळजवळ दहा वर्षे वाहिले.

म्हणून त्या काल्पनिक मुलाचे भले झाले हे मान्य करूनही मी त्या जाहिरातदाराला निर्दोष म्हणणार नाही. आमिष तथागतांनीही दाखवले. हा मात्र ते दाखवून निघून गेला, आणि त्याची फीतही गेल्यामुळे आता त्याला मोकळे करावे म्हटले तरी करता येत नाही. जे भले झाले ते कलाकृतीच्या सामर्थ्याने झाले, त्याचे श्रेय त्याच्या नावे जमा होत नाही. उपदेशक, शिक्षक, प्रकाशक, जे कोणी लोकांना चांगल्याकडे वळवण्यासाठी थोडे असत्य हाताशी धरतात, त्यांनी आपले उपायकौशल्य दोन प्रश्नांवर पारखावे: हिशेब होईपर्यंत आपण समोर राहणार आहोत काय, आणि या सौद्याची किंमत भलताच कोणी तर भरत नाही ना? पहिल्याचे उत्तर बुद्धांनी निःसंशय दिले. दुसऱ्याचे उत्तर सुंदरीसमोर देणे त्यांनाही सोपे गेले नसते, असे म्हणण्यात त्यांचा अनादर नाही.