पॅड धरणारा हात

हवेत मारलेला ठोसा मारणाऱ्यालाच थांबवावा लागतो. हात सुटतो, कोपर उघडतं आणि शेवटच्या क्षणी दंडाचे पुढचे स्नायू त्याला खेचून धरतात. वर्षानुवर्षं फक्त हवेत ठोसे मारणाऱ्याचं शरीर हात सोडायला शिकतं, तसं तो आवरायलाही शिकत असतं. पारंपरिक चिनी युद्धकलांच्या वर्गांत बॉक्सिंगसारखे हातात धरायचे पॅड आणावेत का, हा वाद कानावर आला की मला आधी हे आवरणं आठवतं.

पॅड नको म्हणणाऱ्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. विंग चुन या चिनी शैलीचा ठोसा छातीसमोरच्या मध्यरेषेवरून जातो. मूठ उभी, कोपर आत. पॅड धरणारा मात्र बहुतेक वेळा दोन्ही हात खांद्यांच्या बाहेर, कानांच्या उंचीवर धरून उभा असतो. शिकणारा महिनोन्‌महिने त्या हातांवर मारतो, म्हणजे खरं तर समोरच्याच्या डोक्यापासून वीतभर बाजूला मारतो. त्यात पॅडच्या आवाजाची भूल पडते. तो खणखणीत यावा म्हणून हात लागल्या लागल्या मागे खेचला जातो. विंग चुनमध्ये लागलेल्या हाताने तिथेच राहून समोरच्याच्या हाताचा कल ओळखायचा आणि वाट मिळाली की पुढे सरकायचं असतं. मनगटाला मनगट भिडवून करायचा ‘ची साव’चा सराव त्यासाठीच आहे. पॅडवर ही ओळख पुसली जाते, ही भीती खरी आहे. आणखी एक गोष्ट मी यात घालेन. जाड ग्लोव्ह घातला की वाकडं मनगट खपून जातं. भिंतीवर टांगलेल्या पिशवीवर उघड्या मुठीने मारून बघा, वाकडं मनगट पहिल्याच ठोशाला कळतं.

हे सगळं मान्य करूनही मी पॅडच्या बाजूने आहे.

‘आपल्या परंपरेत हे नव्हतं’ एवढ्यावर वाद संपवणं मला पटत नाही. परंपरेतलीच ही भिंतीवरची पिशवी मूग, वाळू किंवा लोखंडी छर्ऱ्यांनी भरतात. तीही ठोशाला अडवणारी वस्तूच. विंग चुनच्या लाकडी डमीचंच घ्या. विंग चुनचे गुरू यिप मान (1893–1972) यांच्या फोशान गावी डमीचा खांब जमिनीत पुरलेला असे. पुढे ते हाँगकाँगला आले. तिथे शिकवायचं तर इमारतींच्या वरच्या मजल्यांवर, खणायला जमीन कुठली? मग डमी भिंतीलगत, दोन आडव्या लाकडी पट्ट्यांवर बसली. पट्ट्या लवतात, त्यामुळे मार बसला की खांब किंचित मागे जातो आणि परत येतो. जगभरच्या वर्गांत आज हीच डमी पारंपरिक म्हणून उभी आहे. घर बदललं तसं साधन बदललं आणि कला टिकली.

त्याहून जुना आधार हवा असेल तर सोळाव्या शतकातला मिंग सेनापती छी जिग्वांग आहे. समुद्रावरून येणाऱ्या लुटारूंशी लढण्यासाठी त्याने सैन्य घडवलं आणि त्यावर ग्रंथ लिहिला. त्यात मुष्टियुद्धाच्या बत्तीस मुद्रा आहेत. मोठ्या लढाईत रिकाम्या हातांचा फारसा उपयोग नाही, पण हातपाय मोकळे करायला आणि पुढे शस्त्र शिकायला ही पहिली पायरी आहे, असं तो सांगतो. देखण्या पण निरुपयोगी हालचालींचा त्याला मनापासून तिटकारा होता. कला हाती आली की ती समोर माणूस उभा करून अजमावून पाहा, हरण्याजिंकण्याचं मनाला लावून घेऊ नका, असा त्याचा आग्रह होता. एका सेनापतीने हे लिहून ठेवावं याचं मला फार मोल वाटतं, कारण त्याची चूक त्याच्या माणसांच्या जिवावर बेतणारी होती.

हे अजमावणं पुढे अनेकांना जड गेलं. नानजिंगच्या केंद्रीय गुओशू (राष्ट्रीय युद्धकला) संस्थेने 1928 साली देशभरातल्या लढवय्यांची परीक्षा घेतली. इतक्या दुखापती झाल्या की लढती शेवटापर्यंत खेळवता आल्या नाहीत. जानेवारी 1954 मध्ये मकावला ताईची छुआनचे गुरू वू गोंगयी आणि श्वेत क्रौंच शैलीचे चान हाक-फू समोरासमोर आले. लढत धर्मादाय कामासाठी होती आणि दुसऱ्या फेरीत ती थांबवली गेली. विजेता कुणालाच ठरवलं नाही. तिची चित्रफीत आजही पाहायला मिळते. दोघेही आपापल्या कलेत मुरलेले होते आणि हजारोंसमोर असं उभं राहायला छाती लागते. तरी ती चित्रफीत पाहताना मन अस्वस्थ होतं. हात येतात आणि वीतभर आधीच संपतात, नाहीतर पल्ला ओलांडून जातात. कित्येक वर्षांची मेहनत त्या वीतभर अंतरात अडकलेली दिसते.

अंतराची ही जाण फॉर्ममधून, म्हणजे एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचालींच्या मालिकेतून, येत नाही. ‘सिऊ निम ताऊ’ हा विंग चुनचा पहिला फॉर्म आहे. पाय जागचे न हलवता करायच्या त्या फॉर्मने कोपर कुठे असावं हे शरीरात मुरतं, आणि ते काम दुसरं काही त्याच्याइतकं करत नाही. समोरचा माणूस अर्धं पाऊल मागे गेला तर काय करायचं, हे मात्र तो सांगू शकत नाही. ते दुसऱ्या माणसाकडूनच शिकावं लागतं. धोका बेताचा ठेवून ते रोज शिकण्याची सोय म्हणून मी पॅडकडे पाहतो.

म्हणून या वादात पॅडपेक्षा पॅड धरणाऱ्याबद्दल बोलायला हवं, असं मला वाटतं. जो पुतळ्यासारखा उभा राहतो आणि येणाऱ्या ठोशाला सामोरा हात नेऊन आवाज काढून देतो, तो शिकणाऱ्याला खूश करतो आणि फसवतो. नेम चुकत असताना पॅड हळूच सरकवून तो जुळवून देणं हे मला सगळ्यात घातक वाटतं. प्रेमापोटी केलं तरी घातकच. चुकणारा ठोसा चुकू द्यावा.

चांगला धरणारा पॅड आपल्या छातीसमोर, मध्यरेषेवर धरतो. मग तो अर्धं पाऊल मागे सरतो. शिंगयी या चिनी शैलीतला ‘बंग छुआन’ हा सरळ ठोसा घ्या. एकोणिसाव्या शतकात हपेईतल्या गुओ युनशेन यांनी अर्ध्या पावलाच्या याच ठोशावर नाव कमावलं. पुढचं पाऊल पडतं, मागचं त्याच्यामागे ओढलं जातं आणि अंगाचं सगळं वजन मुठीमागे येतं. पॅड जागच्या जागी असेल तर मागच्या पावलाला काही कामच उरत नाही. पॅड हातभर मागे गेला, की ते पाऊल कशासाठी आहे हे न सांगता कळतं. धक्का मनगटातून कोपरात, खांद्यात, कमरेत आणि टाचेत उतरतो. टाच उचललेली असेल किंवा खांदा वर चढलेला असेल, तर मारणाराच मागे ढकलला जातो. हा हिशेब हवा कधीच मागत नाही.

चांगला धरणारा मधूनच आपलं मनगट आडवं घालतो, म्हणजे ची सावमधला स्पर्श परत येतो. शिकणाऱ्याचा दुसरा हात ढिला पडला की पॅडनेच त्याच्या गालावर हलकी टपली मारतो. नको म्हणणाऱ्यांचे बहुतेक आक्षेप इथे विरघळतात. सगळे मात्र नाही. खरोखर इजा करू पाहणाऱ्या माणसासमोर उभं राहण्याची भीती पॅडवर कळत नाही, त्यासाठी लढतच हवी. आणि मनगटाच्या सरळपणासाठी भिंतीवरची पिशवी राहायलाच हवी.

वर्गांमध्ये पॅड धरण्याचं काम ज्याची पाळी नसेल त्याच्याकडे जातं, विश्रांती म्हणून. मला ते उलटं हवं आहे. धरणाऱ्याला ठोसा निघण्याआधी हलणारा खांदा दिसतो, समोरच्याचा श्वास ऐकू येतो, वजन कोणत्या पायावर गेलं ते कळतं. नवख्याने ठोसे मारायच्या आधी काही आठवडे नुसता पॅड धरावा, आणि त्याच्या शेजारी गुरूंनी स्वतः उभं राहावं.