सोन्याचे अर्थशौच

चोरीचा माल घेणाऱ्याचा न्याय करताना कायदा "तुला ठाऊक होते काय?" एवढेच विचारून थांबत नाही. तसे मानण्यास पुरेसे कारण होते काय, हेही तो पाहतो. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ४११ व्या कलमात ही तरतूद होती, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमातही ती कायम आहे. दिवेलागणीनंतर, अर्ध्या किमतीत, बिलावाचून सोन्याची लगड घेणाऱ्या सराफाने "मी विचारलेच नाही" असा बचाव केला, तर ते न विचारणेच पुष्कळदा त्याच्याविरुद्ध उभे राहते. हाच नियम भर दिवसा, पूर्ण मोल देऊन घेतलेल्या दागिन्यालाही नीतीच्या दृष्टीने लावावा काय, असा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. येथे माल चोरीचा नसतो. परंतु तो घडविताना कोणाचे आयुष्य खर्ची पडले असेल, तर त्याचा दोष घेणाऱ्याकडे किती येतो, हे पाहावयाचे आहे.

सोनारावर नजर ठेवणे आपल्याला नवे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अक्षशाळेत येणाऱ्या-जाणाऱ्यांची झडती घ्यावी असे सांगितले आहे, आणि सोने लांबविण्याच्या पाच युक्त्या इतक्या बारकाईने वर्णिल्या आहेत की, त्या पकडण्यासाठी लिहिल्या की शिकविण्यासाठी, असा क्षणभर संशय यावा. आज ते काम भारतीय मानक ब्यूरोचा हॉलमार्क करतो. १६ जून २०२१ पासून प्रथम २५६ जिल्ह्यांत तो सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरांकांचा ओळखक्रमांक असावाच लागतो. त्यावरून सोन्याची शुद्धता कळते. ते कोणत्या खाणीतून आले, हे त्या क्रमांकाला कोणी विचारलेलेच नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मात्र माती-पाण्याने होणाऱ्या शुद्धीहून अर्थशौच, म्हणजे द्रव्य मिळविण्यातील शुचिता, श्रेष्ठ मानली आहे. त्या ग्रंथातील पुष्कळ गोष्टी आम्हांस मान्य नाहीत, ही आहे.

बडोद्याच्या वाचकांना खंबायत दूर नाही. भडोच जिल्ह्यातील रतनपूरच्या परिसरातून अकीकाचा दगड तेथे येतो. तो भाजतात, फोडतात, कुरुंदाच्या चाकावर घासतात. मग त्याचे मणी कोणाच्या गळ्यातल्या माळेत, कोणाच्या हातातल्या जपमाळेत जातात. घासताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात बसली की निघत नाही, आणि सिलिकोसिस नावाच्या त्या रोगाला उतारा नाही. क्षय समजून औषधे चालू राहिली, असेही घडते. हे काम घरात किंवा घराला लागून चालत आले आहे. त्यामुळे चाकाला कधी हात न लावणारी बायकामुले आणि शेजारीपाजारीही ती धूळ श्वासाबरोबर घेतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या धंद्याचा अभ्यास केलेला आहे; धूळ ओढून घेणारी यंत्रेही आहेत. तेव्हा अज्ञान हे कारण नव्हे. १९४८ च्या कारखाना कायद्याची व्याख्या विजेवरील कामास दहा कामगारांपासून पुढे सुरू होत असे. पडवीत एक चाक आणि दोन माणसे असली की ती जागा कायद्याच्या लेखी घरच. दगड व्यापाऱ्याचा, मणी व्यापाऱ्याचे, मजुरी नगावर. पण मालक कोण, असे विचारले तर दाखवावयास कागद नाही. ही व्यवस्था कोणा एकाने दुष्टपणे रचली असे आम्हांस वाटत नाही. ती सर्वांच्या सोयीने घडत गेली, आणि म्हणूनच मोडावयास अधिक कठीण आहे.

हिऱ्यांबाबत जगाने एकदा हा प्रश्न विचारला होता. १ जानेवारी २००३ पासून किंबर्ली प्रमाणपत्राची योजना सुरू झाली. तिच्या व्याख्येत मात्र प्रस्थापित सरकारविरुद्धच्या युद्धासाठी बंडखोरांनी वापरलेले कच्चे हिरेच तेवढे येतात. २००८ मध्ये झिंबाब्वेतील मरांगे येथे खणणाऱ्यांवर सैन्याने हल्ला केला. ह्यूमन राइट्स वॉचच्या अहवालाप्रमाणे २०० हून अधिक माणसे मेली. गोळ्या सरकारच्या असल्यामुळे ते हिरे व्याख्येबाहेर राहिले. निर्यात काही काळ अडली, २०११ मध्ये पुन्हा मोकळी झाली, आणि त्याच वर्षी ग्लोबल विटनेस ही संस्था त्या योजनेतून बाहेर पडली. शिवाय सुरतेस हिऱ्याला पैलू पडले की प्रमाणपत्राचे काम संपते. पुढे उरते ते बिलावर विक्रेत्याने लिहिलेले हमीचे वाक्य.

यापुढची पायरी म्हणजे पुरवठादारांचे परीक्षण. लंडनच्या रिस्पॉन्सिबल ज्वेलरी कौन्सिलने, जी २००५ मध्ये स्थापन झाली, त्याचे नियम घालून दिले आहेत. परीक्षक संस्थेने मान्य केलेला, परंतु त्याची निवड करणारा आणि फी देणारा सभासद व्यापारीच. फी घेऊन मत देणाऱ्या आम्ही या बाबतीत जपून बोलले पाहिजे: फी घेतली म्हणजे मत विकले असे नव्हे. तथापि, दिवस ठरवून आलेल्या परीक्षकाला यादीतला कारखाना दिसतो, यादीबाहेरची पडवी दिसत नाही. अशा दाखल्याने दुकानदाराची झोप सुधारते. खंबायतचा खोकला तसाच राहतो.

मग संशयित माल सरसकट टाळावा काय? हा मार्ग सोपा आहे, आणि आमच्या मते चुकीचा आहे. जगातील सुमारे एक-पंचमांश सोने हातांनी खणणारे गरीब लोक काढतात. त्यांची संख्या दीड कोटीहून अधिक मानली जाते. ते पाऱ्याने सोने वेगळे करतात, आणि २०१७ पासून अमलात असलेल्या मिनामाटा कराराला त्यांचीच मोठी चिंता आहे. मोठ्या सराफांनी पाठ फिरविली तर हे सोने थांबत नाही. चोरट्या व्यापाऱ्याकडे आणखी स्वस्तात जाते, पारा तसाच राहतो. विचारणाऱ्याने गिऱ्हाईक म्हणून उभे राहून सुधारणेचा खर्च आपल्या किमतीत धरावा, हेच न्याय्य.

आमच्या वाचकांपैकी अनेक जण देवस्थानांचे महाजन आहेत. मूर्तीसाठी कंठा किंवा मुकुट करावयाचा असेल, तेव्हा ठरावात वजन आणि कॅरट लिहितातच. त्याखाली दोन ओळी वाढवाव्यात: सोने भक्तांचे जुने वितळविलेले की नव्या लगडीचे, आणि लगड कोणत्या शुद्धीकरणशाळेची; खडे कोणत्या गावी घासले, आणि तेथे धुळीची काय व्यवस्था आहे. पहिल्या वर्षी सराफ बहुधा "ठाऊक नाही" असेच म्हणेल. ते उत्तर त्याच्या सहीनिशी इतिवृत्तात लिहून घ्यावे, आणि पुढच्या वर्षीचे काम देताना ते पान उघडून त्याच्यापुढे ठेवावे.