घारापुरीचे यजमान

नेरूळ-बेलापूरच्या माणसाला घारापुरीला जायचे तर बहुधा उलटा फेरा पडतो. हार्बरच्या लोकलने सीएसएमटी, तिथून गेटवे, आणि मग तासभर लाँचमध्ये बसून पुन्हा पूर्वेकडे, जवळजवळ आपल्याच किनाऱ्यासमोर. बेट रायगड जिल्ह्यातले, उरण तालुक्यातले. तरी आमच्या मित्रमंडळींत बहुतेकांना ते मुंबईचेच वाटत होते. शेजारी राहून शेजाऱ्याची एवढीही माहिती नसावी, याचे मला वाईट वाटले.

लाँचच्या वरच्या मजल्यावरून बंदराचा सगळा पसारा दिसतो. जवाहर द्वीपाच्या तेलाच्या टाक्या, न्हावाशेवाच्या क्रेनची रांग, उत्तरेला जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू, आणि या सगळ्यांत दोन टेकड्यांचे हिरवेगार बेट. धक्क्यावर उतरताच एक मित्र खुशीत म्हणाला, "बरं झालं, इथे अजून काही बदललेलं नाही."

हे वाक्य आपण सगळेच सहलीत बोलतो. पण शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या बेटावरच्या तीन वस्त्यांना त्या न बदलण्याची किंमत मोजावी लागली आहे. बेटावरची लेणी १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. गावात कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकून. तोवर संध्याकाळी जनरेटरवर काही तास दिवे, मग अंधार. समोर रात्रभर मुंबई झगमगत असायची. पोरांचा अभ्यास, आजाऱ्याची रात्र, बाळंतिणीची घालमेल, सगळे त्या अंधारात. ज्या शांततेचे आपण कौतुक करतो, तिच्यात या माणसांची इतक्या वर्षांची गैरसोय मिसळलेली आहे. बेट जसेच्या तसे राहावे ही इच्छा करण्याचा हक्क तिथे चार तासांसाठी जाणाऱ्याला नाही.

लेण्यांकडे चढताना पायऱ्यांवर डोक्यावर हंडे घेतलेल्या, पारंपरिक लुगड्यातल्या बाया उभ्या असतात. फोटो काढला की पैसे मागतात. आमच्यातल्या एकाने न विचारता मोबाइल रोखला, तेव्हा बाई म्हणाल्या, "फोटो काढायचा तर आधी सांगा, दादा." पैशांवरून वाद सुरू झाला. मित्राचे म्हणणे, नुसते उभे राहण्याचे कसले पैसे? दुसरा म्हणाला, "हंडा त्यांनी आपल्यासाठीच डोक्यावर घेतलाय ना?" मला दुसऱ्याचेच पटते. चेहरा त्यांचा, वेळ त्यांचा, ऊनही त्याच सोसतात. मग भाव त्यांनीच सांगायचा. शिवाय मिळकतीचे तास किती, हेही पाहावे. पर्यटक संध्याकाळच्या लाँचने परततात. सोमवारी लेणी बंद. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद. अशा धंद्यात काकडीच्या नाहीतर बोरांच्या वाट्यावर घासाघीस करून वाचवलेल्या पाच रुपयांनी आपले काय भले होते?

आत, सुमारे वीस फूट उंचीच्या सदाशिवासमोर, सगळे आपोआप गप्प झाले. सोळाव्या शतकातला पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोतू लिहून गेला आहे की इथला एक शिलालेख काढून पोर्तुगालला राजाकडे पाठवला गेला. पुढे त्याचा पत्ता लागला नाही. लेणी कोरवली कोणी, यावर विद्वान अजून वाद घालतात. पोर्तुगिजांना दोष देताना आमचा आवाज चढला. मात्र त्याच पायऱ्यांवर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या पडल्या होत्या आणि त्या चारशे वर्षांपूर्वीच्या नव्हत्या. बेटावरचा कचरा जायचा तर समुद्र ओलांडूनच जायला हवा. नाहीतर तो माकडांच्या हाती लागतो, किंवा ओहोटीबरोबर तिवरांत अडकतो. आम्ही आपल्या बाटल्या परत आणल्या. दुसऱ्यांच्याही काही उचलल्या. एवढे कोणालाही जमते.

परतीच्या लाँचवर खलाशी पोरगा प्रत्येकाला लाइफ जॅकेट बांधायला सांगत होता. फोटोत बरे दिसत नाही म्हणून दोघे ते टाळत होते. १८ डिसेंबर २०२४ ला याच वाटेवर 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि पंधरा माणसे गेली. आसपासच्या बोटींनी धावून जाऊन पाण्यातली माणसे वर ओढली. ही आठवण काढल्यावर दोघांनीही मुकाट्याने पट्टे आवळले. त्या पोराने पुन्हा पुन्हा सांगावे आणि आपण हसण्यावारी न्यावे, हा मला नुसता उद्धटपणा वाटत नाही, त्याहून वाईट वाटते. समुद्रावर कोणाचा जीव धोक्यात आला तर आधी उडी त्यालाच मारावी लागणार आहे.

लेण्यांपलीकडे मोराबंदरापर्यंत आमच्यापैकी कोणी गेले नाही. पुढच्या वेळी घरून डबे न्यायचे नाहीत, आधी निरोप देऊन गावातल्याच एखाद्या घरी जेवायचे, असे ठरले आहे. तांदळाची भाकरी आणि त्या दिवशी जे कालवण असेल ते, घरच्या बाई सांगतील त्या भावाने.