सही करण्याआधी वाचायला शिकवलं होतं ना?

बैस. पेढे नंतर, आधी ती फाईल इकडे दे. गाडी घेतलीस, चांगलं झालं. पण वीस हजारांची ही एक्स्टेंडेड वॉरंटी का घेतलीस? ‘शोरूमवाले म्हणाले’ हे उत्तर नव्हे. वर्गातही शेजाऱ्याच्या वहीत बघूनच लिहायचास!

नंदुरबारच्या बाजार समितीत मिरची नेली की तुझे वडील काट्यावरची नजर हटवत नाहीत. आणि तू पदवीधर, चार पानी कागदावर डोळे मिटून सही करतोस?

वाच, मोठ्याने वाच. कंपनीची मूळ वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर, जे आधी होईल ते. वाढीव धरून ५ वर्षं किंवा १ लाख २० हजार, इथेही जे आधी होईल ते. आता गणित कर. तळोद्याहून धडगावला जाणं-येणं आणि किरकोळ फिरणं, रोजचे १०० किलोमीटर. महिन्याला २५ दिवस. वर्षाला झाले ३० हजार, तीन वर्षांत ९० हजार. उरले किती? ३० हजार. म्हणजे चौथ्या वर्षाअखेर वॉरंटी खलास! पैसे दोन वर्षांचे मोजलेस, मिळालं एक. पाचवीतल्या पोराला जमेल असं हे गणित तुला शोरूममध्ये सुचलं नाही?

आणि ते वीस हजार कर्जात घातलेस. ९ टक्क्यांनी ५ वर्षं फेडशील तेव्हा जवळजवळ २४,९०० होतील. जी वस्तू तीन वर्षांनी सुरू होणार, तिचं व्याज आजपासून! ‘आत्ताच घ्यावी लागते’ म्हणे. अरे, बहुतेक कंपन्या मूळ वॉरंटी संपेपर्यंत ती देतात. उशीर केला तर दर वाढतो, एवढंच. विचारलंस का?

पुढचं पान. ‘समाविष्ट नाही’ या मथळ्याखाली काय आहे? ब्रेक पॅड, क्लच प्लेट, टायर, बॅटरी. तुझ्या वाटेवरच्या चांदसैलीच्या घाटात आधी काय झिजतं? हेच! इंजिनाचे आतले भाग, गिअरबॉक्स, एसीचा कॉम्प्रेसर यांत मुळातला दोष निघाला तर वॉरंटी कामाची. उंदराने वायर कुरतडली किंवा इंजिनात पाणी गेलं, तर वॉरंटी हात वर करते. २०१८च्या ऑगस्टमध्ये रंगावली नदीचं पाणी नवापुरात शिरलं होतं, आठवतं? तसल्या नुकसानीला विमा लागतो, आणि इंजिनासाठी त्यात वेगळं कलम घ्यावं लागतं. विमा वेगळा, वॉरंटी वेगळी. दोन्हींची खिचडी करू नकोस.

बाजाराच्या दिवशी चार सीटा भरतोस, डिझेल निघतं म्हणतोस. खाजगी गाडी भाड्याने चालवली तर वॉरंटी रद्द, हे कलमही इथेच आहे. नाक्यावरच्या गॅरेजात स्वस्तात सर्व्हिसिंग केलंस, तारीख चुकवलीस, तरी दावा फेटाळायला त्यांना कारण मिळेल.

वॉरंटी वाईट असं मी म्हणत नाही. ज्याची गाडी वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर पळते, जो ती सहा-सात वर्षं ठेवणार आहे आणि अधिकृत केंद्रातच नेणार आहे, त्याने जरूर घ्यावी. एखाद्या इलेक्ट्रॉनिक भागाच्या बिलात पैसे वसूल होऊ शकतात. पण तू त्यातला आहेस का, हे तू ठरवायचं होतंस. तू ते विकणाऱ्यावर सोडलंस.

उद्या शोरूमला जा. रद्द करण्याची अट काय, पैसे किती परत मिळतात, ते लेखी माग. ठेवायचीच असेल तर प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती या फाईलमध्ये लाव आणि सीटा भरणं बंद कर. उद्या रास्त दावा नाकारला, तर नंदुरबारच्या ग्राहक आयोगात जाता येतं. २०१९च्या कायद्याने तू राहतोस तिथेच तक्रार करता येते, आणि तू मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर शुल्कही नाही. पण तिथे ते हाच कागद पुढे करतील आणि विचारतील, ‘सही तुमचीच ना?’ तेव्हा ‘वाचलं नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही.

ऊठ आता. आणि पेढे ठेव तिथे.