पाणंद आणि लोकल

कोकणातल्या गावांत जांभ्या दगडाच्या दोन गडग्यांमधून पाणंद जाते. ती अरुंद असते. समोरून कुणी आलं की एकाला कडेला सरून उभं राहावं लागतं. इतक्या जवळून कुणाला न बोलता जाऊ देणं जमत नाही. मग सहज विचारलं जातं, ‘खंय चल्लास?’ उत्तर ‘हंयच’ एवढं असलं तरी पुरतं.

गणपतीला गावी आलेला चाकरमानीही पाणंदीत असाच थांबतो. म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांची चौकशी करतो. अनोळखी पोराला ‘कोणाचो रे तू?’ म्हणून विचारतो. विसर्जन झालं की तो मुंबईला परततो आणि सकाळच्या लोकलमध्ये उभा राहतो. आता शेजारचा माणूस पाणंदीतल्यापेक्षा कितीतरी जवळ असतो. तरी याची नजर पंख्याकडे, नाहीतर मोबाइलकडे. माणूस तोच. स्वभाव एका रात्रीत बदलत नाही. बदललेली असते ती जागा.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०३ मध्ये महानगरातल्या माणसाच्या मनावर एक निबंध लिहिला. शहरात इतकी माणसं, इतकी दृश्यं अंगावर येतात की प्रत्येकाला मनापासून प्रतिसाद देऊ गेलं तर मनच विस्कटून जाईल. म्हणून शहरातला माणूस हातचं राखून वागतो, असं त्यांचं म्हणणं. पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. रेल्वे आणि ट्राम येण्याआधी, एकमेकांसमोर बराच वेळ बसायचं आणि चकार शब्द बोलायचा नाही, अशी वेळ माणसांवर आलीच नव्हती.

हे ध्यानात आलं की डब्यातल्या वळवलेल्या नजरेचा राग येत नाही. अंगाला जागा नाही, तिथे निदान मनाला तरी मिळावी, म्हणून ती नजर बाजूला होत असेल. ती दर वेळी उपेक्षा नसते. कधी कधी ती अदब असते. आणि तिघांच्या बाकावर चौथ्यासाठी सगळे मुकाट्याने सरकतात, तीही विचारपूसच, शब्दांवाचूनची.

गावच्या जिव्हाळ्यालाही दुसरी बाजू आहे. गुडघ्यांची काळजी करणारी तीच नजर, कुणाची मुलगी किती वाजता घरी आली, हेही टिपते. गाव एकटं पडू देत नाही, आणि एकटं राहूही देत नाही. शहरात कुणी अडवत नाही, आणि कुणी हाकही मारत नाही.

आपण ज्याला आपला स्वभाव म्हणतो, त्यातला किती आपला आणि किती वाटेच्या रुंदीचा, हे सांगणं अवघड आहे. म्हणून कुणाला माणूसघाणा म्हणण्याआधी तो कुठे उभा आहे, ते पाहावं. स्वतःला मनमिळाऊ म्हणण्याआधीही पाहावं.