फुकट वाचनाचं बिल कोणाच्या नावावर?

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘कृषिदर्शनी’ नगर जिल्ह्यातल्या पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरी सापडते. कोणतं वाण घ्यावं, लागण कधी करावी, हेक्टरी नत्र-स्फुरद-पालाश किती द्यावं, कोणत्या किडीला काय फवारावं, हे सगळं तिच्यात असतं. याच विद्यापीठाच्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने २००७ साली ‘फुले २६५’ हा वाण दिला. खारवट जमिनीतही तग धरतो म्हणून तो प्रवरा-मुळेच्या पट्ट्यात चांगला ओळखीचा आहे. अशा वाणाची शिफारस कृषिदर्शनीत चार ओळींत मिळते. पण कोणत्याही शिफारशीच्या मागे चाचण्या असतात. त्या किती ठिकाणी झाल्या, किती हंगाम चालल्या, वाण कुठे हुकला, हे शोधनिबंधात असतं. आणि उसावरचे, मातीवरचे, किडींवरचे निबंध शोधायला एखादा शिकलेला शेतकरी बसला, की अनेकदा गोषवारा संपल्याबरोबर पडद्यावर डॉलरमधला आकडा येतो.

शिफारस माफक किमतीत मिळते आणि तिचा पुरावा महाग पडतो, ही उलटी रीत कशी पडली? तिच्यावर उतारा म्हणून ‘सर्वांना खुलं संशोधन’ ही कल्पना आली. त्या कल्पनेचा गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास म्हणजे एकच बिल एका हातातून दुसऱ्या हातात कसं गेलं, याची हकीकत आहे.

सुरुवात साधी होती. लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ साली ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ काढलं. शास्त्रज्ञांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं छापून अनेकांपर्यंत पोचवावीत, एवढा हेतू. कागद आणि छपाई यांना पैसे लागत, ते घेणाऱ्याने द्यावेत, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पुढे जवळपास तीन शतकं शास्त्रीय नियतकालिकं बहुतांशी विद्वत्सभाच चालवत होत्या. सभासदांची वर्गणी, ग्रंथालयांची वर्गणी आणि थोडंफार अनुदान यांवर त्यांचं भागे. आपल्याकडेही तीच चाल होती. बंगळुरूचं ‘करंट सायन्स’ १९३२ सालचं, सी. व्ही. रामन यांनी स्थापलेली भारतीय विज्ञान अकादमी १९३४ सालची. परळच्या केईएम रुग्णालयातल्या आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांच्या स्टाफ सोसायटीने १९५५ साली ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ सुरू केलं, तेही याच वळणाचं. नफा हा कुणाचा विषयच नव्हता.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारं संशोधनावर पैसा ओतू लागली, निबंधांचा पूर आला, आणि सभांना तो आवरेना. इथे व्यापारी प्रकाशक शिरले. रॉबर्ट मॅक्सवेल यांनी १९५१ साली पर्गमॉन प्रेस हाती घेतली आणि विषयागणिक नवी नियतकालिकं काढण्याचा सपाटा लावला. त्यांच्या ध्यानात आलेली गोष्ट अशी, की एका नियतकालिकाला दुसरं पर्याय होत नाही. एखादा निबंध जिथे छापला आहे तिथूनच घ्यावा लागतो, मग ग्रंथपाल भाव करणार कसा? पर्गमॉन १९९१ साली एल्सव्हिअरकडे गेली. या धंद्यातल्या बड्या कंपन्यांचा नफा आज तीस टक्क्यांच्या वर असतो.

हा व्यवहार नगरच्या माणसाला समजावून सांगायला उसाइतकं सोपं उदाहरण नाही. ऊस आपणच पिकवायचा, तोडून गव्हाणीत नेऊन टाकायचा, त्याचा भाव घ्यायचा नाही. उतारा तपासायलाही आपल्यातलेच जाणकार बिनपगारी बसवायचे. आणि साखर मात्र मालक सांगेल त्या दराने विकत घ्यायची. संशोधक निबंध फुकट देतो, त्याचे समव्यावसायिक तो फुकट तपासतात, आणि दोघांच्याही पगाराची सोय करणारी विद्यापीठं तोच निबंध विकत घेतात. हरेगावच्या खासगी कारखान्याच्या शेजारी राहून जिथल्या बागायतदारांनी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने स्वतःचा सहकारी कारखाना उभारला आणि १९५० साली गाळप सुरू केलं, त्या जिल्ह्याला हा हिशेब पटायला वेळ लागू नये.

इंटरनेट आलं आणि वर्गणीचा मूळ आधारच निसटला. एक प्रत पाठवली काय किंवा लाख पाठवल्या काय, खर्चात फारसा फरक उरला नाही. भौतिकशास्त्रज्ञांनी १९९१ पासून ‘अर्काइव्ह’वर आपले निबंध छापण्याआधीच सर्वांसाठी ठेवायला सुरुवात केली होती. फेब्रुवारी २००२ मध्ये बुडापेस्टचं आवाहन निघालं आणि विचाराला नाव मिळालं: वाचकाकडून पैसे घेऊ नयेत, वापरावर आडकाठी असू नये. त्याला नैतिक बळ होतं ते करदात्याच्या युक्तिवादाचं. जे जनतेच्या पैशातून झालं ते जनतेला पाहता आलं पाहिजे. हा युक्तिवाद पारनेर तालुक्याला नवा नाही. राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी माहिती अधिकारासाठी जी आंदोलनं केली, त्यांचा गाभा हाच होता. महाराष्ट्राचा कायदा २००२ सालचा, केंद्राचा २००५ सालचा. रस्त्याच्या कामाचं मोजमाप पुस्तक पाहायला मागता येतं, तर त्याच तिजोरीतून झालेल्या प्रयोगाचे आकडे का नाही?

पण हक्क मान्य केला म्हणून खर्च नाहीसा होत नाही. निबंधांची आवकजावक, तपासनीसांचा पाठपुरावा, भाषेची दुरुस्ती, मांडणी, सर्व्हर, कायमस्वरूपी जतन, या सगळ्याला माणसं लागतात. त्यावर पहिलं मोठं उत्तर आलं ते ‘लेखकाने द्यावेत’ हे. बायोमेड सेंट्रलने २००२ साली दर निबंधामागे ५०० डॉलर घ्यायला सुरुवात केली, ‘प्लॉस बायोलॉजी’ २००३ मध्ये निघालं तेव्हा दर होता १,५०० डॉलर. कल्पना अशी होती की ज्याने संशोधनाला अनुदान दिलं त्यानेच हेही द्यावं. अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगशाळेला ते जमलं. पुढे ‘नेचर’ने २०२१ पासून हाच पर्याय दिला तेव्हा दर होता ९,५०० युरो, म्हणजे आठ लाख रुपयांच्या वर. राज्याच्या कृषी विद्यापीठातल्या माणसाने एवढ्या पैशांत एका निबंधाऐवजी आणखी एक प्रयोगच उभारला असता. आधी भिंत वाचकासमोर होती, ती आता लेखकासमोर उभी राहिली.

या टप्प्यावर महाराष्ट्रातून वेगळं उत्तर आलं होतं, आणि त्याची दखल आपल्याकडे फारशी कुणी घेतली नाही. केईएमच्या त्या नियतकालिकाने २००१ पासून सगळा मजकूर इंटरनेटवर खुला केला आणि लेखकाकडूनही काही घेतलं नाही. यामागे मुंबईत १९९७ साली डॉ. डी. के. साहू यांनी सुरू केलेली ‘मेडनो’ ही संस्था होती. वैद्यकीय संघटनांची छोटी-छोटी नियतकालिकं ती एका छत्राखाली आणत गेली. पैसा यायचा छापील अंकाच्या वर्गणीतून, जाहिरातींतून आणि संघटनांच्या सभासदत्वातून. फुकट वाचायला मिळालं तर छापील अंक कोण घेणार, ही भीती सर्वांनाच होती. घडलं उलटंच. जगभरातून वाचक आले, त्यामागून निबंध आले, निबंधांना उद्धृतं मिळू लागली आणि छापील वर्गणीही वाढली. वाचक आणि लेखक दोघांनाही बिल न देता नियतकालिक चालतं, हे परळमध्ये दिसून आलं.

मग २०११ साली मेडनो ही वोल्टर्स क्लुवर या बहुराष्ट्रीय कंपनीने विकत घेतली. त्यानंतर तिच्याकडच्या अनेक नियतकालिकांत लेखकाकडून शुल्क घेण्याची पद्धत शिरली. तिकडे बायोमेड सेंट्रलही २००८ मध्येच स्प्रिंगरकडे गेलं होतं. खुलेपणाचे दोन अग्रदूत तीन वर्षांच्या अंतराने जुन्याच सावकारांच्या खात्यावर जमा झाले. यात कुणी कुणाला फसवलं असं नाही, व्यवहार रीतसर झाला. पण वाचायला फुकट असणं आणि मालकी आपली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीच्या भरात दुसरीचा करार करायचा राहून गेला.

लेखकाने पैसे द्यायची रीत आपल्याकडे रुजली ती याहून वाईट तऱ्हेने. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांत प्राध्यापकांच्या बढतीला प्रसिद्ध निबंधांच्या गुणांशी जोडलं. संगमनेर-कोपरगाव-श्रीरामपूरच्या महाविद्यालयांत दिवसाला चार-पाच तास शिकवणाऱ्या माणसाकडे ना प्रयोगशाळा, ना सवड. त्याला गुण मात्र हवे होते. काही हजार रुपये भरले की आठवड्यात निबंध ‘आंतरराष्ट्रीय’ करून देणारी दुकानं निघाली. ती सगळी वाचायला मोफतच होती! पुणे विद्यापीठाचे भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतला विद्यापीठांनी सुचवलेला भाग नमुन्यादाखल तपासला. त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिकं निकृष्ट निघाली. २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्यानंतर पुण्यातूनच ‘केअर’ ही चाळलेली यादी चालवली गेली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगाने तीही बंद केली. पैसे निबंध स्वीकारण्याशी बांधले, की नाकारणं तोट्याचं होतं. नाकारता न येणारं नियतकालिक आणि झेरॉक्सचं दुकान यांत फरक राहत नाही.

सरकारनेही आपल्या परीने बिल उचललं. कृषी विद्यापीठांना महागडी नियतकालिकं मिळावीत म्हणून भारतीय कृषी संशोधन परिषदेने २००७ साली ‘सेरा’ हा गट बांधला. २०१३ साली परिषदेने स्वतःचं खुलं धोरण जाहीर केलं. तिची नियतकालिकं आज कुणालाही वाचता येतात आणि राहुरीसारख्या विद्यापीठांतले प्रबंध ‘कृषिकोश’वर चढवले जातात. सर्वांत मोठं पाऊल ‘एक राष्ट्र एक वर्गणी’चं. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मान्यता दिली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था. विद्यार्थ्यांची यातून मोठी सोय झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ही वर्गणी आहे, खुलेपणा नव्हे. संस्थेच्या ओळखपत्राबाहेरचा शेतकरी, तालुक्यातला खासगी डॉक्टर, पत्रकार हे जिथे होते तिथेच आहेत. तीन वर्षांनी करार संपला की भाव पुन्हा प्रकाशकच सांगणार.

मग बिल कुणी उचलावं? माझं मत असं की त्याचा नमुना आपल्या कारखान्यांच्या ताळेबंदात आधीच आहे. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ सालची. ती सभासद कारखान्यांच्या वर्गणीवर उभी राहिली. तिथल्या माती परीक्षणाचा किंवा बेण्याचा फायदा कुणाला किती झाला, हे मोजून कुणी पैसे घेत बसलं नाही. आधी सर्वांकडून थोडं घ्यायचं, काम सामाईक करायचं, फळ ज्याला हवं त्याला. जामखेडचं उदाहरण याच जातीचं आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून तिथे गावातल्या, बहुतेक निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्या गावांतल्या बालमृत्यूंवर दीर्घकाळात काय परिणाम झाला, याचा अभ्यास २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘बुलेटिन’मध्ये आला. तो जगात कुणालाही फुकट वाचता येतो आणि लेखकांकडूनही शुल्क घेतलं जात नाही, कारण खर्च संघटनाच सोसते, आणि संघटनेला पैसा सदस्य देश देतात. जामखेडच्या बायकांनी ज्या घरांची दारं ठोठावली, त्यांच्यातल्या मुलांची ही आकडेवारी आहे. तिच्यावर कुणाची पावती लागली नाही, हे योग्यच झालं.

‘एक राष्ट्र एक वर्गणी’चे सहा हजार कोटी तीन वर्षांचे, म्हणजे वर्षाला दोन हजार कोटी. त्यातला शंभरावा हिस्सा म्हणजे वीस कोटी. एका नियतकालिकाला वर्षाला दहा लाख धरले तर दोनशे भारतीय नियतकालिकं वाचकाला आणि लेखकाला एक पैसा न मागता चालतील. त्यासाठी लागणारी संगणक प्रणाली मोफत उपलब्ध आहे आणि कृषी परिषदेची नियतकालिकं तीच वापरतात. तपासनीस तर आजही फुकटच काम करतात.

यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तोही इथलाच आहे. सहकारात काय झालं ते आपण पाहिलं: संचालकांची घराणी, थकलेली कर्जं, अवसायनात निघून खासगी मालकाकडे गेलेले कारखाने. संस्थेचं नियतकालिक संस्थेच्याच लोकांचे निबंध छापत बसेल, संपादक चेअरमनसारखा खुर्चीला चिकटेल, ही भीती खरी आहे. म्हणून पैशाबरोबर अटी हव्यात. संपादकाची मुदत ठरलेली असावी. किती निबंध आले आणि किती परत गेले, हे दरवर्षी जाहीर व्हावं. अर्ध्याहून अधिक मजकूर बाहेरचा असावा. आणि सर्वांत महत्त्वाची अट ही, की नियतकालिकाचं नाव, जुने अंक आणि सभासदांची यादी कोणत्याही कंपनीला विकता येणार नाही, असं घटनेतच लिहिलेलं असावं. मेडनोच्या वेळी हे एक कलम असतं तर पुढची गोष्ट वेगळी झाली असती.

वाचकाने द्यावं, लेखकाने द्यावं, सरकारने द्यावं, असा हा विचार साडेतीनशे वर्षं फिरत आला. प्रत्येक वळणावर वाद झाला तो पैसे कोण देणार यावर. पैसे देणाऱ्याच्या हाती शेवटी काय राहतं, हे विचारायचं राहिलं. भागभांडवल भरताना शेतकरी शेअरचा दाखला मागून घेत असे. विद्यापीठांनी आणि सरकारने पुढचा धनादेश फाडण्याआधी तेवढं तरी मागावं.